तिथे तू नाहीस

बोट धक्क्यापासून सुटून दहा मिनिटं झाली असतील नसतील, तेव्हा मी बाबांना फोन करून सांगितलं की मी मावशीकडे चालले आहे. सांगायचं ठरवलं नव्हतं. उलट गुपचूप जायचं आणि आल्यावर सांगायचं, असंच मनात होतं. पण डेकवर वारा छान होता, हातात चहाचा कागदी पेला होता, चार दिवसांची रजा मंजूर झालेली होती, आणि सुखात असले की माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. पलीकडे बाबा काही बोललेच नाहीत. मला वाटलं, रेंज गेली. “हॅलो, ऐकू येतंय का?” मी विचारलं. हा प्रश्न मी दिवसातून साठ वेळा विचारते, कारण कानाच्या दवाखान्यात लोकांचं ऐकणं तपासणं हीच माझी नोकरी. “येतंय,” बाबा म्हणाले. “तू उतर.” मी हसले. “बोट सुटलीये बाबा. कुठे उतरू, पाण्यात?” “मग तिथे पोचल्यावर उतरू नकोस. त्याच बोटीने परत ये. तिच्या घरी जाऊ नकोस.” “का पण?” मग ते जमिनीची मोजणी सांगताना बोलायचे तसं सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलले. “तिथे तू नाहीस. तू गेलीस असं मी त्यांना कळवलंय.” “कुठे गेले?” मी विचारलं. खरंच विचारलं, त्यात चेष्टा नव्हती. “वारलीस,” ते म्हणाले. “नऊ वर्षांची असताना. तापात. हे बघ, मी तुला सांगणारच होतो, पण त्या वेळी तुझी नवी आई...” आणि मग खरोखरच रेंज गेली.

आमच्याकडे तपासणीला जाड भिंतींची एक छोटी खोली आहे. माणसाला आत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, काचेच्या अलीकडे बसून मी बटण दाबायचं. ऐकू आलं की बोट वर करा, एवढंच सांगणं. पुष्कळ लोकांना नापास होणं सोसत नाही. ते अंदाजाने बोट वर करतात. त्यांना पकडायला मी मधेच काहीच न वाजवता बसून राहते, आणि त्या शांततेतही बोटं वर होतात. निवृत्त न्यायाधीशाचं झालेलं आहे, मुख्याध्यापिकेचं झालेलं आहे. मला या गोष्टीची नेहमी गंमत वाटायची. आता मला उलट हवं होतं. वाजलेलं ऐकू आलंच नाही असं म्हणता यायला हवं होतं. पण माझे दोन्ही कान ठणठणीत आहेत, दर सहा महिन्यांनी मी स्वतःच तपासते. वारलीस. डावा कान, उजवा कान, स्पष्ट. मी चहाचा एक घोट घेतला. मग दुसऱ्या हाताने स्वतःचं मनगट धरलं, आणि कोणी बघितलं तर नाही ना म्हणून इकडेतिकडे पाहिलं. सगळी मंडळी उजव्या कठड्याशी गर्दी करून दीपस्तंभाचे फोटो काढत होती. कर्ण्यावरून गाइड सांगत होता की आपण जिथे चाललो आहोत त्या बंदराला सहाशे वर्षांचा इतिहास आहे आणि तिथला किल्ला आठ वेळा पडला व सात वेळा बांधला गेला. हे गणित कसं काय, असं कोणीतरी ओरडून विचारलं आणि लोक हसले. मीही हसले. तोंड आपोआप हसतं, त्याला कोणी काही कळवलेलं नसतं.

आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते. बाबा मोजणीदार, महिन्यातले वीस दिवस जमिनी मोजत फिरतीवर. त्यांनी मला याच मार्गाने, बहुधा याच कंपनीच्या याहून खूप लहान बोटीने, मावशीकडे नेऊन सोडलं. मावशी आईची मोठी बहीण. काका जकातघरात कारकून, मूलबाळ नाही. धक्क्यापासून वर जाणाऱ्या दगडी पायऱ्यांच्या मध्यावर त्यांचं घर. खालच्या खोलीत मावशी होड्यांवर घालायची ताडपत्रीची आच्छादनं शिवायची. हाताच्या पंजाला चामड्याची पट्टी बांधलेली, त्यात तिने सुई रेटायची, आणि मी पलीकडून कापड ताणून धरायचं. धरायचं कमी आणि बोलायचं जास्त. ती मला लुडबुड म्हणायची. “लुडबुड, दोरा दे. लुडबुड, दोऱ्यावर बसलीयेस.” तीन वर्षं. मग बाबांनी लग्न केलं आणि मला न्यायला आले. मी बोटीत चढताना काय केलं ते मला आठवत नाही, नंतर बाबांच्या मनगटावर दातांचे वण मात्र बरेच दिवस दिसत होते.

शहरात आल्यावर दर शनिवारी मावशीचं पत्र यायचं. पत्र आलं की मी ते चार-पाच वेळा वाचायची, जेवायची नाही, आणि रात्रीपर्यंत मला ताप भरायचा. हे दोन-चार महिने चाललं असेल. नव्या आईने यात काही वाईटपणा केला असं म्हणणं अन्याय होईल. ती बिचारी कपाळावर पट्ट्या ठेवत बसायची. मग एकदा ताप उतरेचना. मला इस्पितळात ठेवलं, केस बारीक कापले, अकरा दिवस मी तिथे होते. त्या अकरा दिवसांतलं एकच चित्र मी आयुष्यभर जपलं होतं. पहाटेचा उजेड, आणि बाबा माझ्या खाटेशेजारी स्टुलावर बसून गुडघ्यावर मोजणीची वही ठेवून काहीतरी लिहितायत. फिरती सोडून, काम घेऊन, माझ्याजवळ बसलेत. कॉलेजात असताना मैत्रिणी बापांच्या तक्रारी सांगायच्या तेव्हा मी हे चित्र काढून दाखवायची. आता कठड्याला टेकून मी ते पुन्हा पाहिलं, तर बाबांच्या मांडीवर वहीच्या वर पत्राचा एक कागद होता. तो आधीपासून होता की मी आत्ता ठेवला, हे मला ठरवता येईना. मी पेला कठड्याच्या कडेला ठेवला आणि तो वाऱ्याने लगेच उडून गेला.

इस्पितळातून घरी आले त्यानंतर मावशीचं पत्र आलं नाही. एक शनिवार, दुसरा शनिवार. मी जिन्याखालच्या पत्रपेटीपाशी जाऊन बसायची. बाबांना विचारलं तर म्हणाले, “तिला काम असेल.” पुढे कधीतरी म्हणाले, “माणसं विसरतात बाळा.” झालं. मी रुसले. सुरुवातीला रुसणं म्हणजे तिने मनवायला यावं म्हणून. ती आली नाही, तशी मी ते रुसणं मोडायलाही विसरले. एकतीस वर्षं. या काळात माझं लग्न झालं, मोडलं, नोकरीत दोनदा बढती झाली, आणि या सगळ्याच्या खाली कुठेतरी मी मावशीशी कट्टी घेऊन बसलेली होते. मग गेल्या महिन्यात एक म्हातारा खलाशी तपासणीला आला. पत्ता लिहिताना त्याने त्या बंदराचं नाव सांगितलं. मी उगाच विचारल्यासारखं विचारलं. “ताडपत्रीवाली बाई? आहे की. नवरा गेला. ती आहे खमकी, अजून शिवते,” तो म्हणाला, आणि त्यानंतरच्या तीन माणसांची तपासणी मी चुकीच्या कानापासून सुरू केली. त्याच आठवड्यात रजेचा अर्ज टाकला. कळवायचं नाही हे नक्की होतं. अचानक दारात उभं राहायचं आणि तिला जराही सावरू न देता विचारायचं, “पत्रं का बंद केलीस?” हे वाक्य मी आरशासमोर म्हणून पाहिलं होतं. थंडपणे, आवाज न चढवता. आणि मी तिथे गेल्या एकतीस वर्षांची मेलेली.

बाबांनी हे करावं. माझे बाबा मोजणीत वीतभर फरक निघाला तर अख्खा नकाशा पुन्हा काढायचे. शेजाऱ्याच्या बांधाला आपली कुंपणाची तार टेकली म्हणून त्यांनी भर दुपारी ती स्वतः मागे सरकवली होती. खोटं बोलता येत नाही म्हणून पाहुण्यांचा कंटाळा आला की त्यांना सरळ सांगायचे, आता निघा. त्या माणसाने कागद घेतला, मजकूर लिहिला, पाकीट चिकटवलं, आणि संध्याकाळी इस्पितळात येऊन मला विचारलं असेल, भात खाल्लास का. माझा राग यायला हवा तसा येत नव्हता. कुणी कानशिलात भडकावली की आधी नुसतं गरम वाटतं, दुखायला वेळ लागतो, तसं चाललं होतं.

“तुम्हाला बोट लागली का?” शेजारच्या बाकावरून आवाज आला. गळ्यात दुर्बीण अडकवलेले एक आजोबा होते, सकाळपासून त्यांनी दोन वेळा मला संत्रं देऊ केलं होतं. मी मान हलवली. “कोणाकडे चाललात?” “मावशीकडे.” “वा. कळवलंय ना? या वयात माणसांना अचानक गेलेलं आवडत नाही. माझी बहीण तर दारच उघडत नाही.” आणि मी, जी कधी बसमधल्या माणसाला वेळही विचारत नाही, ती म्हणाले, “मी वारले असं त्यांना माहीत आहे.” आजोबांनी संत्र्याची फोड तोंडात घालता घालता थांबवली. मला वाटलं, आता ते उठून जागा बदलतील. त्यांनी फोड खाल्ली, बी रुमालात ठेवली आणि विचारलं, “कधीपासून?” “एकतीस वर्षं.” “त्यांचं वय?” “चौऱ्याहत्तर.” “हृदयाचं काही?” “माहीत नाही.” त्यांनी रुमालाची घडी घातली. “मी शाळेत मास्तर होतो,” मग ते म्हणाले, “असा प्रसंग माझ्यावर आला नाही. पण एक सांगू? एकदम समोर जाऊ नका. मी पुढे जातो. सांगतो की शहरातून आलोय, तुमच्या भाचीबद्दल थोडं बोलायचंय. हळूहळू आणतो विषय.” “तुम्ही सांगणार ती जिवंत आहे?” “तेच तर कसं सांगावं ते बघतोय.” आणि तो भला माणूस खरोखरच ओठ हलवत वाक्यं जुळवायला लागला. मला हसू आलं आणि त्या हसण्यात रडूही होतं. मी त्यांना नको म्हटलं. “मग निदान आधी आवाज ऐकू द्या,” ते म्हणाले. “बाहेरूनच बोला काहीतरी. चेहरा मागून.”

दुपारी दोनला बंदर दिसायला लागलं. पिवळट तटबंदी, तिच्याखाली होड्यांची दाटी, जकातघराचं घड्याळ. मला वाटलं होतं ओळखीचं वाटेल, आणि सगळं अगदी जागच्या जागी होतं, पण माझ्या छातीत धडधडत होतं ते दुसऱ्याच कारणाने. बोट दीड तास थांबून परत फिरणार होती. म्हणजे मला उतरायची गरजच नव्हती. इथेच बाकावर बसून राहिले असते तर मावशीचं एकतीस वर्षांपूर्वीचं दुःख जसं मिटलं असेल तसं मिटलेलं राहिलं असतं. तिने रडून घेतलं असेल, माझे कपडे कुणाला देऊन टाकले असतील, कापड ताणून धरायला भिंतीत खुंटी ठोकून घेतली असेल. त्या म्हातारीसमोर जाऊन उभं राहायचं आणि म्हणायचं, ते सगळं उगाच होतं. हा कसला आहेर? आणि ती तिथेच कोसळली तर? बाबांनी मला एकदा मारलं, मी तिला खरोखरच मारीन. दुसरीकडे मनात एक हट्टी, नऊ वर्षांचं काहीतरी पाय आपटत होतं की मी आहे, मी इथे आहे, तिला सांग. लोक उतरले. गाइड झेंडा हलवत त्यांना किल्ल्याकडे घेऊन गेला. खलाशाने डेक झाडायला घेतला आणि माझ्या पायांशी येऊन थांबला. “बाई, पाय वर घेता की उतरता?” मी उतरले.

पायऱ्या मी मोजल्या नाहीत, एवढं मात्र लक्षात आहे की मध्येच दोनदा बसले. घराच्या खालच्या खोलीचं दार उघडं होतं. आतून मेणाचा आणि जाड कापडाचा वास आला आणि माझ्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं, काही विचार करण्याआधीच. ती खिडकीशी बसली होती. केस पांढरेशुभ्र, पाठीला पोक, मांडीवर आणि जमिनीवर निळ्या ताडपत्रीचा ढीग. पंजाला चामडं. मी मास्तरांचं ऐकलं. उंबऱ्याबाहेर, भिंतीआड उभी राहिले आणि घसा साफ करून म्हणाले, “आहे का कोणी?” सुईचा आवाज थांबला. “आहे,” ती म्हणाली. “आत या, आच्छादन कुणाचं?” मला पुढचं काही सुचेना. “शहरातून आलेय,” मी म्हणाले. “तुमच्या भाचीकडून.” आतून काहीही ऐकू आलं नाही. माझ्या काचेमागची ती शांतता, फक्त या वेळी मी आतल्या बाजूला. मग ती म्हणाली, “भिंतीआड काय उभी राहिलीयेस? ऊन लागतंय ना तिथे.”

मी दारात आले. तिने चष्मा कपाळावर सरकवला, मला वरून खाली पाहिलं. ती कोसळली नाही. तिने शेजारचा ढीग बाजूला केला आणि जागा केली. “मावशी,” मी म्हणाले, आणि मग जगात कोणी कोणाला म्हटलं नसेल असं वाक्य म्हटलं. “मी मेलेली नाहीये.” “माहीत आहे मला,” ती म्हणाली.

मी भिंतीला धरलं. बोटीवर ऐकलेलं एक वेळ परवडलं. “कधीपासून?” मी विचारलं, मास्तरांसारखंच. “पत्र आलं त्याच्या विसाव्या दिवसापासून. काकांनी पत्र वाचून दाखवलं, ते रडले. मला रडूच आलं नाही. वीस दिवस तोंडातून शब्द फुटला नाही. मग मला वाटलं, निदान तुझा एखादा फ्रॉक तरी मागून आणावा. काकांना सांगितलं डॉक्टरकडे जाते, आणि बोटीत बसले. तुमच्या रस्त्याला वळले तर शाळा सुटलेली. समोरून तू. केस भादरलेले, पिवळा स्वेटर, मेलीच्या अंगावर मांस नव्हतं. बरोबर दोन मुली. आणि तू हसत होतीस. अशी हसत होतीस की चालता येईना म्हणून फूटपाथवर बसलीस, दप्तर डोक्यावर घेऊन.” “आणि तू?” “मी पानवाल्या... नाही, कुठल्याशा दुकानाच्या फळीमागे उभी होते.” “मला हाक नाही मारलीस?” मावशीने ताडपत्रीची कड सरळ केली. “तुझ्या बापाने आधी दोनदा लिहिलं होतं गं. तुमचं पत्र आलं की पोरीला ताप येतो, थांबवा. मी ऐकलं नाही. उलट लिहिलं, मी येऊन घेऊन जाते. मग ते पत्र आलं, मी वीस दिवस पत्र लिहिलं नाही, आणि तू बरी झालीस. हसायला लागलीस. मला कळलं ते कळलं. पुढच्या बोटीने परत आले.”

“काकांना सांगितलंस?” “कशाला? ते रडून मोकळे झाले होते.” “बाबांना? तुला सगळं माहीत आहे हे?” तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कधी पाहिलं नव्हतं, आणि मला ते आवडलं नाही. “त्याला नाही कळवलं,” ती म्हणाली. “कळवलं असतं तर सुटला असता. एवढी एकच गोष्ट माझ्या हातात होती.” म्हणजे एकतीस वर्षं ते दोघं या पाण्याच्या दोन टोकांना एकमेकांना धरून बसले होते आणि मी मध्ये, काही माहीत नसलेली, पत्रपेटीपाशी. आता मात्र राग आला. इतका आला की दात वाजायला लागले. माझ्यासाठी सगळ्यांनी सगळं केलं होतं आणि मला कोणी विचारलं नव्हतं.

“मी रुसले होते,” मी म्हणाले. थंडपणा कुठल्या कुठे गेला होता, आवाज चिरकत होता. “दर शनिवारी जिन्याखाली बसायची मी. वर्षभर. पाऊस असो, परीक्षा असो. बाबा म्हणाले तू विसरलीस. मी शाळेतून धावत यायची शनिवारी, आणि पेटीत हात घालून शेवटपर्यंत चाचपायची, कोपऱ्यात अडकलंय की काय म्हणून. मोठी झाल्यावरसुद्धा पेटी उघडली की हात आधी कोपऱ्यात जायचा. तुला वाटलं मी बरी झाले? मी बरीबिरी काही झाले नव्हते, मावशी. मला फक्त ताप यायचा थांबला होता.”

ती ऐकत होती. डावा कान माझ्याकडे केलेला, उजवा तिचा गेला असणार, हेही मला तेवढ्यात दिसलं, सवयच ती. तिच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत गेला. बोटीवर मला ज्याची भीती वाटत होती ते आत्ता होत होतं. मी जिवंत आहे हे तिने केव्हाच पचवलं होतं. हे पत्रपेटीचं तिला माहीत नव्हतं. तिने पंजावरचं चामडं सोडायला घेतलं, बंद सुटेना, तसंच राहू दिलं. “वर्षभर?” ती म्हणाली. “वर्षभर.” “पण तू हसत होतीस,” ती म्हणाली. माझ्याकडे पाहून, जवळजवळ तक्रारीने. “मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. त्या हसण्यावर मी एवढी वर्षं काढली. रोज बघत होते मी ते. मग कशाला हसत होतीस गं त्या दिवशी?”

मला ते आठवेना. पिवळा स्वेटर आठवला, त्याची टोचणारी मान आठवली. दोन मुलींपैकी एकीचं नाव आठवलं, दुसरीच्या पुढच्या दाताची फट आठवली. रस्ता, शाळेची घंटा, कापलेल्या केसांमुळे कानांना लागणारा वारा. हसणं काही केल्या हाताला लागेना. कोणी पडलं असेल. कोणी बाईंची नक्कल केली असेल. नऊ वर्षांच्या मुली कशालाही हसतात. काहीतरी रचून सांगणं अगदी सोपं होतं, तिला आवडेल असं, की मी तुझी आठवण सांगत होते त्यांना, दोऱ्यावर बसल्याची. आमच्या घराण्यात हे चाललं असतं. माझ्या जिभेवर ते येऊन थांबलं होतं आणि ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

“आठवत नाही,” मी म्हणाले.

खाली बोटीचा पहिला भोंगा झाला. मावशीने तिकडे लक्ष दिलं नाही. तिने माझा हात धरून मला शेजारच्या मोकळ्या जागेवर खाली ओढलं, तिच्या वयाच्या मानाने बरंच जोरात.

“आठव,” ती म्हणाली. “मी बसलेय.”